शेवटून दुसरं क्वार्टर

लहानूला कारखान्याचं क्वार्टर मिळालं त्या दिवशी त्यानं मजूर कॅम्पातल्या सगळ्या ओळखीच्यांना गूळ वाटला. बायकोच्या हातावर सर्वांत मोठा खडा ठेवला. सत्यशीलेनं तो तोंडात टाकला आणि पहिला प्रश्न विचारला,

"हिरालाल बाबूले कोणतं भेटलं?"

लहानूचा चेहराच उतरला. जवळजवळ तीन वर्षं टिनाच्या खोपीत उकडून निघालेला माणूस. घर मिळाल्याची खबर घेऊन दोन मैल धावत आला होता.

"तुले काय करायचं हिरालाल बाबूचं? आपलं इचार न. आपलं सडक सातवर आहे. समोर मोहाचं झाड आहे. इंजिनीयर साहेबाले त्याच्याखाली जीप उभी करायची होती म्हणून ठेकेदारानं तोडलं नाही. दुपारभर सावली. दोन खोल्या, सयपाकघर, मागं आंगण. अन् नळ घरात. घरात, आयकलं का?"

"आयकलं. हिरालाल बाबूले कोणतं?"

"सडक अकरा. अगदी शेवटचं. पश्चिमेकडे तोंड, पुढं उघडं रान. दुपारी बारापासून सूर्य बुडेपर्यंत नुसती भट्टी. झाली खुश?"

"त्याच्या बाजूचं? शेवटून दुसरं?"

"ते आपल्या भैयालालले. रडून राह्यला बिचारा."

सत्यशीलेनं गूळ गिळला. "त्याले म्हणा, रडू नको. आमचं घे, तुह्यं दे."

लहानू खाटेवर बसला. या बाईशी वाद घालायचा तर बसूनच घालावा लागतो, हे त्याला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात कळलं होतं.

एकोणीसशे एकसष्ट साल होतं. पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटून दोन वर्षं झाली होती, आणि भिलाईत माणसं आधी येऊन घरं मागून येत होती. तीन वर्षांपूर्वी तुमसरकडून ही दोघं आली तेव्हा तर घर म्हणून काही नव्हतंच. स्टेशनामागच्या जुन्या वस्तीत लोकांनी गायी बाहेर बांधल्या आणि गोठे भाड्यानं दिले. सिंधुताईनं, म्हणजे हिरालाल बाबूच्या बायकोनं, आपला गोठा सारवला, त्याला दार लावलं आणि आठ रुपये महिना सांगितला. वर दोन महिन्यांचं भाडं आगाऊ.

"आपल्याकडचे लोक हाव म्हणून आठ," ती म्हणाली होती. "दुसऱ्याले दहाच्या खाली देत नाही मी."

तिचं माहेर गोंदियाचं. हिंदी आणि छत्तीसगढी ऐकून तिचे कान किटले होते. सत्यशीला बोलायला लागली की ती हातातलं काम टाकून ऐकत बसायची. आपल्यासारखंच 'मले-तुले' करणारी बाई भेटली, या आनंदात जात विचारायचं ती विसरली. सत्यशीलेनंही आपण होऊन सांगितली नाही. त्याच्या दीड वर्ष आधी नागपूरला जाऊन ती दोघं जात टाकून आली होती. टाकलेली वस्तू कोण कशाला सांगत फिरेल?

तीन महिने बरे गेले. खरं सांगायचं तर बरे नाही, चांगले गेले. दुखणं तेच होतं. सिंधुताई कढी पाठवायची. अंगणातल्या विहिरीवर दोघी एका दोरानं पाणी शेंदायच्या. सिंधुताईला मूल नव्हतं. चार वर्षांच्या विजयाला ती रोज दुपारी पुढ्यात घेऊन केसांना तेल लावायची, वेण्या घालायची. एक दिवस एक वेणी झाली आणि विजयानं मागं वळून, बापानं शिकवलं होतं तसे दोन्ही हात जोडून, मोठ्या प्रेमानं म्हटलं,

"आजी, जय भीम."

दुसरी वेणी झालीच नाही.

संध्याकाळच्या आत खोली रिकामी करायला लावली. त्यानंतर सिंधुताईनं चार मजूर लावून विहीर उपसली. पेटी, वळकटी आणि पोरगी घेऊन सत्यशीला रस्त्यापलीकडे बसली होती. लहानू ड्यूटीवर होता, तो सुटेपर्यंत जायचं तरी कुठं? तिनं सगळं पाहिलं. बादलीमागून बादली रस्त्यावर ओतली जात होती, आणि ते पाणी चिखल करत तिच्या पायापर्यंत आलं. आगाऊ भाडं परत मागायला लहानू दुसऱ्या दिवशी गेला, तेव्हा सिंधुताईनं ओट्यावरूनच सांगितलं, "ते इहीर उपसायले गेले. वरून मलेच लागले."

लहानू पैसे विसरला. माणूस चांगला होता, चांगली माणसं लवकर विसरतात. विजयाही विसरली, ती लहान होती. तिघांच्या वाटचं आठवायचं काम सत्यशीलेकडे आलं, आणि ते तिनं नेटानं केलं. तिला पैसे नको होते. माफी तर नकोच होती. माफी मागितली की द्यावी लागते. तिला एवढंच हवं होतं, की सिंधुताईनं एकदा तिच्या दारात यावं आणि तिच्या माठातलं पाणी, तिच्या हातचं, मागून प्यावं. दिलं म्हणून नाही. मागून.

आणि आता देवाच्या नाही, पण कंपनीच्या कृपेनं रस्ता निघाला होता. रेल्वेचं यार्ड वाढलं, त्यात स्टेशनामागची ती घरं गेली. सिंधुताईचं घर पाडलं, विहीर दगडमातीनं बुजवली. हिरालाल बाबू कारखान्यात हजेरीबाबू होते, म्हणून त्यांना क्वार्टर मिळालं. सडक अकरा, शेवटचं.

"भाडं पाय तू," लहानू समजावत होता. सिगारेटच्या पाकिटाच्या उलट्या बाजूवर तो पेन्सिलीनं काहीबाही लिहीत होता. "पगाराचा दहावा हिस्सा कटते. सावलीच्या क्वार्टरालेही तेवढाच, उन्हाच्यालेही तेवढाच. मंग ऊन कावून घ्यायचं?"

"फुकट भेटून राह्यलं म्हणून."

"फुकट? दाराले खसाच्या टट्ट्या लागतीन, पुढं एक, मागं एक. त्याच्यावर दिवसभर पाणी मारा. पुढच्या वर्षी पंखा. वीज. मोहाच्या झाडाखाली याच्यातलं काहीच नाही लागत. माही सायकल गेली न याच्यात."

सायकलचं ऐकून सत्यशीलेची नजर त्याच्या टाचांकडे गेली. दीड वर्ष तो सायकलसाठी पैसे टाकत होता. कॅम्पातून कारखान्यापर्यंत पायी जाऊन त्याच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, आणि त्यात ती रोज रात्री मेण भरायची.

"सायकल पुढच्या साली घेऊ," ती म्हणाली.

"सत्या, मी विसरलो. तू बी विसर न."

"तुम्ही ड्यूटीवर होते. मी पाहत बसली होती."

लहानूनं हिशेबाचं पाकीट चुलीत टाकलं.

अदलाबदलीला कंपनीची हरकत नव्हती. दोघांनी एका अर्जावर सह्या करायच्या आणि टाउन ऑफिसात द्यायचा. भैयालालनं सही करताना तीनदा हात मागं घेतला. उन्हाच्या बदल्यात कोणी सावली देतं, ही गोष्ट त्याच्या डोक्यात बसेना.

"वहिनी, खरं सांगा. त्या मोहावर भूत-बित तर नाही न?"

"भूत आहे भाऊजी. पण ते तुमच्या बाजूले राहायले येऊन राह्यलं, शेवटच्या क्वार्टरात. म्हणून तर तुमाले सोडवून राह्यली."

भैयालालनं घाईघाईनं सही केली.

मार्चमध्ये सामान हलवलं. सामान ते किती? एक हातगाडी, आणि तीही अर्धी पाण्याच्या भांड्यांनी भरलेली. कॅम्पात टँकर आठवड्यातून तीनदा यायचा, कधी दोनदा. त्यामुळं कॅम्पातल्या बाईला डबा रिकामा दिसला की तो भरल्याशिवाय चैन पडत नसे. घरात नळ आला, चोवीस तास पाणी आलं, तरी सत्यशीला रोज सगळं भरून ठेवायची: दोन माठ, तीन बादल्या, तेलाचं एक घासून स्वच्छ केलेलं पिंप. लहानू हसायचा. "नळ पळून नाही जात," म्हणायचा.

शहर उन्हाचंच होतं. सरळ सरळ सडका, एकसारखी पिवळी घरं, आणि प्रत्येक घरापुढं विटांच्या गोल जाळीत एकेक रोप, बसायला सांगितलेल्या पोरासारखं. सावली द्यायला त्यांना अजून दहा वर्षं होती. सडक अकराच्या पश्चिमेला तर तेही नव्हतं. दुपारी भिंतीला हात लावला तर तव्याला लावल्यासारखा मागं घ्यावा लागे. लहानू काही बोलायचा नाही. ड्यूटीवरून आला की ओला पंचा डोक्यावर घेऊन बसायचा, आणि त्याचं ते न बोलणं सत्यशीलेला उन्हापेक्षा जास्त भाजायचं.

आठ दिवसांनी सिंधुताई बैलगाडीनं आली. पितळेच्या घागरी, देव, जातं, आणि सगळ्यांच्या वर वेटोळं केलेला विहिरीचा दोर. गाडीतून उतरली, कमरेवर हात ठेवून घर पाहिलं, मग शेजारचं घर पाहिलं. अंगणाच्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडे सत्यशीला उभी होती.

"राम राम मालकीणबाई," सत्यशीला म्हणाली.

सिंधुताईचं तोंड एकदम मिटलं. ती आत गेली आणि दुसऱ्याच दिवशी हिरालाल बाबूंना टाउन ऑफिसात धाडलं. घर बदलून पाहिजे. ऑफिसवाल्यांनी सांगितलं, कोणी अदलाबदलीला तयार असेल तर आणा. सडक अकराचं शेवटचं क्वार्टर घ्यायला कोण येणार? एक मद्रासी बाई पाहायला आली होती, दुपारी दोन वाजता. सत्यशीलेनं तिला आपल्या ओसरीत बसवलं, पाणी दिलं आणि बाहेर भिंतीला हात लावून पाहायला सांगितलं. बस, तेवढंच. खोटं एक अक्षर बोलली नाही.

सिंधुताईनं तो दोर स्वयंपाकघरातल्या खुंटीला टांगला. विहीर नाही, रहाट नाही, दोर मात्र आहे. भिंतीवरून दिसायचा. पहिल्यांदा दिसला तेव्हा सत्यशीलेला दोघींनी मिळून शेंदलेलं पाणी आठवलं. मग तिनं चिखलाचा तो ओघळ आठवला आणि भिंतीकडे पाठ केली.

पहिला डाव तिनं एप्रिलमध्ये टाकला. क्वार्टरांचा पाइप ओळीनं एका घरातून दुसऱ्या घरात जात होता. शेवटच्या घराचं पाणी सत्यशीलेच्या अंगणातून जायचं, आणि ते बंद-चालू करायची लोखंडी चावी, छोट्या चाकासारखी, तिच्याच अंगणात वर फळी टाकलेल्या खड्ड्यात होती. हे कळलं त्या दिवशी तिला झोप लागली नव्हती. सकाळी सिंधुताई तांब्या घासत असताना ती भिंतीशी गेली.

"मालकीणबाई, एक सांगायचं होतं. तुमचं पाणी आमच्या घरातून येऊन राह्यलं. आधी आमाले शिवते, मंग तुमाले."

सिंधुताईनं मान वर केली नाही. पण उत्तर तयार होतं. तिनंही रात्री विचार केला असणार.

"नळाच्या पाण्याले इटाळ नाही लागत. पाइप लोखंडाचा आहे."

"अन् इहीर?"

"इहीर दगडाची."

सत्यशीला परत आली. असं काही उत्तर असेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. लोखंडाला विटाळ नाही, दगडाला आहे. म्हणजे सोय असेल तिथं नाही आणि नसेल तिथं आहे. तिला इतका राग आला की दिवसभर तिनं एकच तवा तीनदा घासला. लहानूला सांगितलं तर तो हसला. "चाल बरं झालं न. बाई सुधरली."

"सुधरली नाही. अडली."

मग दुसरा डाव. तो टाकायला सत्यशीलेला जुन्या दिवसांनीच मदत केली. त्या तीन महिन्यांत तिनं सिंधुताईची पहाट पाहिली होती. उजाडलं की सिंधुताई घरातलं पाणी सगळं ओतून टाकायची. पिण्याचं, स्वयंपाकाचं, थेंब न थेंब. शिळं पाणी चुलीला चालायचं नाही. मग राखेनं सगळी भांडी घासायची, आंघोळ करायची आणि नंतरच ताजं पाणी भरायचं. विहीर अंगणात असलेल्या बाईचं शास्त्र होतं ते. क्वार्टरात आल्यावरही ते चुकलं नव्हतं. भिंतीपलीकडून पहाटे पाणी ओतल्याचा आवाज यायचा, मग राखेची खरखर. म्हणजे रोज सकाळी तास-दीड तास असा जायचा, की सिंधुताईच्या घरात पाण्याचा एक थेंब नसायचा.

त्या वेळी चावी फिरवली तर?

मे महिन्याची सत्यशीला अशी वाट पाहत होती, जशी पोरी माहेरच्या निरोपाची पाहतात. चावीला तिनं तेलही घालून ठेवलं.

आणि मग चावी फिरवायचीच गरज उरली नाही.

या सडकेवर निरोप भिंतीवरून जायचे. दुकानात साखर आली, मैदानात सिनेमा दाखवणार आहेत, लस टोचणारे येणार आहेत, जे काही असेल ते पहिल्या क्वार्टरवाली दुसरीला सांगायची, दुसरी तिसरीला. भाषा पाच-सहा होत्या, पण निरोप पोचायचा. शेवटचं घर सिंधुताईचं. तिला सांगायची पाळी सत्यशीलेची. दोघी बोलत नव्हत्या, म्हणून सत्यशीला हवेला सांगायची. "साखर आली म्हणते," असं आभाळाकडे पाहून ओरडायची, आणि थोड्या वेळानं सिंधुताई पिशवी घेऊन निघालेली दिसायची. एवढी माणुसकी दोघींनी राखली होती.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी शेवटून तिसऱ्या घरची बंगाली बाई भिंतीवरून म्हणाली, नवी टाकी जोडणार आहेत, कल सुबह पाँच बजे से शाम तक पानी बंद, भरून ठेवा.

सत्यशीलेचं भरलेलंच होतं. ती पलीकडच्या भिंतीशी गेली. सिंधुताई अंगणात बसून तांदूळ निवडत होती. हिरालाल बाबू दोन दिवसांसाठी कंपनीच्या नंदिनी खाणीवर हजेरीच्या कामाला गेले होते. ती एकटीच होती. डोक्यावरचा पदर घसरला होता. केस बरेच पिकले होते तिचे. सत्यशीलेनं आभाळाकडे पाहिलं. तोंड उघडलं.

आणि मिटलं.

घरात आली तेव्हा लहानू म्हणाला, "बाजूले सांगतलं का पाण्याचं?"

"हाव," सत्यशीला म्हणाली. लग्नानंतर त्याच्याशी ती पहिल्यांदा खोटं बोलली, आणि ते किती सहज निघालं याचं तिलाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे लहानू पहिल्या पाळीला गेल्यावर ती भिंतीच्या अलीकडे विटेवर बसून राहिली. आधी घागर ओतल्याचा आवाज आला. मग तपेलं. मग कळशी, दोन कळश्या. राखेची खरखर बराच वेळ चालली. मग नळ फिरवल्याचा आवाज, आणि नळानं दमेकऱ्यासारखा खोकला काढला. परत एकदा. मग काहीच नाही.

सत्यशीला उठली, चहा केला आणि साखर जास्त घातली.

नऊ वाजता भिंतीपलीकडे एक चेहरा आला. सिंधुताई तिच्या अंगणातल्या त्या खड्ड्याकडे पाहत होती. चावी कुठं असते हे तिला ठाऊक होतं. बोलली मात्र नाही, परत गेली.

शेजारी कुणाला मागायचं तर मागता आलं असतं. सडकेवर सत्तावीस घरं होती. पण आंध्रातला कोण, पंजाबचा कोण, बंगाली बाई मासे खाणारी, तिची जात कोणती, नावांवरून सिंधुताईला काही लागत नव्हतं. कोणाच्या हातचं चालेल आणि कोणाच्या नाही, हे ठरवायचं कसं? आख्ख्या सडकेवर तिला एकाच घराची जात पक्की ठाऊक होती.

अकरा वाजले, बारा वाजले. सूर्य डोक्यावरून पश्चिमेला कलला आणि दोन्ही घरांच्या तोंडावर आला. सत्यशीलेनं खसाच्या टट्टीवर पाणी मारलं, मुद्दाम जरा जोरात, छपछप आवाज व्हावा असं. सकाळचा आनंद तेव्हा ताजा होता. एक वाजेपर्यंत त्याला वास यायला लागला. विजया ओल्या फरशीवर झोपली होती. पलीकडून काहीच आवाज येत नव्हता. मग एकदा पितळेचं भांडं पडल्याचा आवाज आला आणि ते बराच वेळ घरंगळत राहिलं. कोणी उचललं नाही.

सत्यशीला उठून उभी राहिली. पुन्हा बसली. "मागून," ती स्वतःशीच म्हणाली. "मागून आली पायजे."

दोनच्या सुमाराला फाटक वाजलं.

सिंधुताई दारात उभी होती. चेहरा वाळलेल्या भाकरीसारखा झाला होता, ओठांवर पांढरं आलं होतं. एका हातानं तिनं चौकट धरली होती, आणि चौकट तापलेली असूनही हात काढत नव्हती.

"चावी खोल," ती म्हणाली.

"आत या न मालकीणबाई. उन्हात कावून उभ्या?"

"मले आत नाही यायचं. चावी खोल."

"आत या. बसा. पाणी घ्या. मंग चावीचं पाहू."

सिंधुताईला कळलं. ती मूर्ख बाई कधीच नव्हती. तिनं सत्यशीलेकडे असं पाहिलं, की दुसरी कुणी असती तर तिची नजर खाली गेली असती. मग उंबरा ओलांडून ती आत आली आणि खाटेच्या कडेवर बसली, अंग चोरून. सत्यशीलेनं माठाचं झाकण काढलं. सावकाश. तीन वर्षं थांबली होती. आणखी दोन घडी थांबायला काय झालं? पेला बुडवला, पदरानं बाहेरून पुसला आणि पुढं धरला.

सिंधुताई डोळे मिटून एका दमात पाणी प्यायली. शेवटच्या घोटाला तिला ठसका लागला. सत्यशीलेचा हात तिच्या पाठीवर थोपटायला निघाला होता. तिनं तो मधेच थांबवला.

"आता कसं करू मालकीणबाई?" ती म्हणाली. इतक्या वेळा मनात म्हटलं होतं, की बोलताना आवाज अगदी गोड निघाला. "माठ उपसून टाकू का? मजूर लावा लागतीन. खर्च कोणाच्या माथी लिहू?"

सिंधुताई पेला दोन्ही हातांत धरून बसली. बाहेर रानातून गरम वारा आला आणि टट्टीतून गार होऊन आत शिरला. तिनं नकळत तोंड त्याच्याकडे केलं.

"झालं न तुह्यं?" ती म्हणाली. "आता खोल चावी."

"चावी खुलीच आहे."

"अँ?"

"चावीले मी हातही नाही लावला. आख्ख्या सेक्टरचं पाणी बंद आहे. नवी टाकी जोडून राह्यले. काल संध्याकाळीच निरोप आलता."

सिंधुताई तिच्याकडे बघत राहिली. बंद, निरोप, काल, भिंत. एकेक गोष्ट तिच्या चेहऱ्यावर येऊन बसत होती, आणि सत्यशीला ती बसताना पाहत होती. हेच पाहायचं होतं तिला. ती डोळ्यांची पापणी हलवत नव्हती.

"सर्व्यायले ठाऊक होतं?"

"सर्व्यायले."

"तू सांगतलं नाही."

"नाही."

"इसरली?"

"नाही इसरली. भिंतीशी आली होती. तुमी तांदूळ निवडून राह्यल्या होत्या. पाहून परत गेली."

आता ती शिव्या देईल, सत्यशीलेला वाटलं. किंवा रडेल. किंवा पेला फेकून निघून जाईल. तिन्हींची उत्तरं तिच्याजवळ तयार होती. तीन वर्षांत काय थोडा वेळ मिळाला होता? सिंधुताईनं यातलं काहीच केलं नाही. तिनं जमिनीवर झोपलेल्या विजयाकडे पाहिलं. पोरगी आता सात वर्षांची होती, केस आईनं बारीक कापून टाकले होते. सिंधुताई बराच वेळ त्या डोक्याकडे बघत राहिली.

"मी बी सांगतलं नसतं," ती शेवटी म्हणाली.

सत्यशीलेनं माठावर झाकण ठेवलं आणि परत काढलं.

बाहेर सडकेवर कोणीतरी अनवाणी पळत गेलं. पश्चिमेचं ऊन उंबऱ्यावरून हातभर आत आलं होतं आणि सिंधुताईच्या पायांवर पडलं होतं. तिनं पाय आत ओढून घेतले. मग पेला पुढं केला, सत्यशीलेच्या तोंडाकडे न पाहता.

"अजून एक दे."

मागितलं. आपल्या तोंडानं, कोणी अडवलेलं नसताना, चावीची आशा नसताना मागितलं. सत्यशीला आपला आनंद कुठं आहे ते आत चाचपून पाहत राहिली. होता. पण जेवढा मोठा साठवला होता तेवढा नव्हता. तहानेनं मागणाऱ्या माणसाला हरवता येत नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

तिनं पेला घेतला आणि माठात बुडवला. काठोकाठ भरलेला वर काढला, क्षणभर पाहिला, आणि त्यातलं दोन बोटं पाणी परत माठात सोडलं. मग दिला.

"घ्या," ती म्हणाली. "हळू प्या."